सोडियमचा दिवा पेटतो, दहा मिनिटांत विझतो, पुन्हा पेटतो : बाद ठरवण्याआधी काय तपासायचं

जुने सोडियम आणि मर्क्युरी दिवे जमवणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतोच. जपून आणलेला २५० किंवा ४०० वॅटचा सोडियम दिवा होल्डरमध्ये बसवला, स्विच दाबला. इग्नायटरची, म्हणजे दिवा पेटवायला उच्च व्होल्टेजचे झटके देणाऱ्या भागाची, करकर झाली, दिवा पेटला. आधी फिकट निळसर पांढरा, मग पिवळाधमक, मग तो ओळखीचा सोनेरी उजेड. आणि आठ-दहा मिनिटांनी गप्पकन अंधार. एक-दोन मिनिटं काही नाही, मग पुन्हा करकर, पुन्हा पांढरा, पुन्हा पिवळा, पुन्हा अंधार.

कुणालाही विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : दिवा संपला, नवा घाला. रस्त्यावरच्या खांबासाठी ते बरोबरच आहे. तिथे वर चढून मोजमाप करत बसण्यापेक्षा दिवा बदलणं सोपं. पण आपल्या हातात असतो तो दिवा बनवणारा कारखाना अनेकदा बंद झालेला असतो आणि तसा दुसरा मिळेलच याची खात्री नसते. अशा दिव्यांपैकी काही खरोखर संपलेले असतात, पण काही अगदी ठणठणीत असतात आणि दोष भलतीकडेच असतो. तो फरक कसा ओळखायचा, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी स्विच बंद करा. "बघू किती वेळा होतंय" म्हणून रात्रभर चालू ठेवू नका. प्रत्येक वेळी पेटताना आतल्या नळीच्या दोन टोकांना असलेल्या थंड इलेक्ट्रोडवरचं द्रव्य थोडं थोडं उडतं आणि त्या टोकांना काळं होऊन चिकटतं. हा काळेपणाच या दुखण्याचं मूळ आहे. म्हणजे दिवा जितक्या फेऱ्या मारेल तितका आजार वाढत जाईल. शिवाय इग्नायटरही दर फेरीला राबतो आणि शेवटी जळतो.

हे होतं कशामुळे

बाहेरच्या काचेच्या मधोमध पेन्सिलीसारखी जी दुधी नळी दिसते, ती काच नाही. सोडियमची तापलेली वाफ काचेला आणि क्वार्ट्झलाही खाऊन टाकते. म्हणून ती नळी अर्धपारदर्शक ॲल्युमिनाची, म्हणजे सिरॅमिकची असते. असं सिरॅमिक बनवण्याची युक्ती १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी शोधली, आणि १९६० च्या दशकात त्यातून हा दिवा बाजारात आला. नळीच्या टोकांना नायोबियम धातू वापरतात, कारण तापल्यावर तो ॲल्युमिनाइतकाच प्रसरण पावतो आणि जोड तडकत नाही. आत असतो सुरुवातीपुरता झेनॉन वायू आणि सोडियम व पारा यांचं अमाल्गम, म्हणजे मिश्रण.

हे अमाल्गम गरजेपेक्षा जास्त भरलेलं असतं. दिवा पूर्ण तापला तरी सगळं वाफ होत नाही, उरलेला थेंब नळीतल्या सगळ्यात थंड जागी, म्हणजे इलेक्ट्रोडच्या मागच्या कोपऱ्यात बसून राहतो. त्या कोपऱ्याचं तापमान वाढलं की आणखी वाफ होते, दाब वाढतो, आणि दाबाबरोबर आर्कवरचं, म्हणजे नळीत जळणाऱ्या विजेच्या झोतावरचं, व्होल्टेज चढतं.

टोकं काळी पडली की ती उष्णता धरून ठेवतात. कोपरा तापतो, व्होल्टेज चढतं. त्यात वर्षानुवर्षांत थोडं सोडियम नळीच्या भिंतीत आणि इलेक्ट्रोडच्या द्रव्यात अडकून नाहीसं होतं, पाऱ्याचं प्रमाण वाढतं, व्होल्टेज आणखी चढतं. २५० किंवा ४०० वॅटच्या नव्या दिव्यावर साधारण १०० व्होल्ट असतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर आर्क सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि दर वेळी पुन्हा पेटावी लागते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर साधा चोक (दिव्याचा प्रवाह आवरणारी गुंडाळी) असेल, तर दिव्याचं व्होल्टेज १४०-१५० च्या पुढे गेल्यावर हे पुन्हा पेटणं चुकतं आणि दिवा विझतो. थंड झाला की दाब उतरतो, इग्नायटर त्याला परत पेटवतो, आणि तापला की पुन्हा तेच.

तेव्हा विचारायचा प्रश्न असा : व्होल्टेज चढलं कशामुळे? दिव्याच्या वयामुळे, बाहेरून उष्णता परत येत असल्यामुळे, की चोक आणि पुरवठा चुकल्यामुळे? यातलं पहिलं एकच कारण दिव्याचं स्वतःचं आहे.

घड्याळ लावून बघा

मीटर हातात घेण्याआधी एक पूर्ण फेरी शांतपणे बघा आणि वेळा लिहून ठेवा. व्होल्टेज चढून विझणारा दिवा नेहमी पूर्ण तापल्यावरच विझतो, पेटल्यापासून पाच-दहा मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा. विझण्याआधी उजेड जरासा पांढरट सोनेरी होतो, कारण दाब वाढला की सोडियमचा वर्णपट रुंदावतो. त्यानंतर मिनिटभराने, फार तर दोन-तीन मिनिटांनी तो आपोआप पेटतो.

दिवा वीस मिनिटं किंवा अर्धा तास बंद राहून मग पेटत असेल तर चोकमधला थर्मल कटआउट आठवा. चोक तापून स्वतःला तोडतोय आणि थंड झाल्यावर जोडतोय. विझण्याची वेळ दर वेळी वेगळी असेल, टेबलाला धक्का लागला की विझत असेल, तर होल्डरची मधली पट्टी दबलेली आहे किंवा कुठेतरी स्क्रू ढिला आहे. होल्डरच्या आत बारीक काळी रेघ दिसली तर तो होल्डर बाजूला ठेवा. इग्नायटरचे काही हजार व्होल्टचे पल्स त्या रेघेवरून पळतात.

आणखी एक कारण केवळ आपल्यासारख्यांच्या घरात सापडतं, आणि ते समजेपर्यंत माणसं दोन-दोन दिवे बदलतात. रस्त्यावरचं पूर्ण फिटिंग आणून खोलीत टांगलं, आणि त्याच्या डोक्यावरची फोटोसेल तशीच जोडलेली राहिली. दिवा पूर्ण उजळला की छतावरून परतलेला उजेड फोटोसेलवर पडतो, तिला वाटतं दिवस उगवला, ती दिवा बंद करते. अंधार झाला की परत चालू. फेरी अगदी खऱ्या आजारासारखी दिसते. फोटोसेलवर काळी चिकटपट्टी लावा. दिवा तासभर शांत जळला तर तुमचा दिवा निरोगी आहे.

मोजायचं ते असं

पहिलं साधन क्लॅम्प मीटर. दिव्याकडे जाणाऱ्या एकाच तारेभोवती तो अडकवायचा, कुठेही टोक लावायची गरज नाही, आणि इग्नायटरच्या पल्सचा धोका नाही. तार चोकनंतरची निवडा. पुरवठ्याच्या तारेवर मोजलंत तर समांतर जोडलेल्या कपॅसिटरमुळे आकडा कमी दिसेल आणि फसाल.

१०० व्होल्टच्या जातीच्या सोडियम दिव्यांचे ठरलेले प्रवाह लक्षात ठेवण्यासारखे आहेत : १५० वॅटला १.८ अँपिअर, २५० वॅटला ३, ४०० वॅटला सुमारे ४.६. ७० वॅटचा दिवा ९० व्होल्टच्या आसपास चालतो आणि जवळपास १ अँपिअर घेतो. पेटताना प्रवाह याहून बराच जास्त असतो आणि दिवा तापेल तसा उतरतो. निरोगी दिव्यात तो ठरलेल्या आकड्यापाशी येऊन थांबतो. आजारी दिव्यात तो थांबतच नाही, हळूहळू घसरत राहतो आणि त्या घसरणीतच दिवा विझतो. ही न थांबणारी घसरण म्हणजे चढणारं व्होल्टेज. प्रवाह ठरल्या आकड्यावर स्थिर असताना दिवा एकाएकी विझला, तर दोष दिव्यात शोधू नका. पुरवठा, जोड किंवा फोटोसेल बघा.

व्होल्टेज थेट मोजायचं असेल तर सावध राहा. दिवा विझताच इग्नायटर पल्स सोडतो, आणि तेव्हा मीटर दिव्याच्या टोकांना लागलेला असेल तर मीटर मरतो. चोक आणि दिवा यांच्या मध्ये स्वतंत्र बसणारा सुपरइम्पोज्ड इग्नायटर असेल तर त्याच्या आधी, म्हणजे चोककडच्या तारेवर मोजा, तिथे पल्स पोचत नाही म्हटलं तरी चालेल. इग्नायटर चोकच्या टॅपवर, म्हणजे गुंडाळ्यातून मध्येच काढलेल्या तारेवर, जोडलेला असेल तर ही सोय नाही, कारण पल्स चोकच्याच गुंडाळ्यात तयार होतो. तिथे क्लॅम्पवरच भागवा. टोकं लावणं-काढणं वीज बंद करूनच, आणि कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करून.

मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लाटेचं खरं व्होल्टेज दाखवणारा, हवा. दिव्यावरच्या व्होल्टेजची लाट चौकोनी वळणाची असते आणि साधा मीटर ती चढी दाखवतो. पूर्ण चौकोनी लाटेवर ही चूक ११ टक्क्यांपर्यंत जाते. १२० व्होल्टचा दिवा १३० च्या वर दिसतो, आणि "गेला, संपत आला" असा निकाल लागतो. मी माझ्या वहीतले पहिल्या दोन वर्षांचे सगळे आकडे याच कारणासाठी नंतर खोडले आणि प्रत्येक दिवा नव्याने मोजला.

माझा एक दिवा, आणि त्याच्यामागचा चकचकीत पत्रा

माझ्याकडे २५० वॅटचा एक नळीसारखा, पारदर्शक काचेचा दिवा आहे. टोकं जवळजवळ स्वच्छ. तो बघायला सोयीचा व्हावा म्हणून मी एक अरुंद पेटी केली आणि उजेड पुढे यावा म्हणून दिव्याच्या मागे, अगदी जवळ, आरशासारखा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून बसवला. बारा-तेरा मिनिटांनी दिवा विझायचा. इग्नायटर बदलला, चोक बदलला, कपॅसिटरही बदलला, फरक शून्य. दिवा संपला असं मानून तो वर्षभर खोक्यात पडून होता.

नंतर एकदा सहज उघड्या होल्डरवर लावला आणि तो अडीच तास जळला. मोजलं तर १०७ व्होल्ट. पेटीत परत ठेवला, तेव्हा व्होल्टेज १२० ओलांडून चढतच गेलं. पत्रा वाकवताना मी नकळत त्याचा केंद्रबिंदू नळीवरच आणला होता. दिव्याचाच उजेड आणि उष्णता परत नळीच्या टोकावर पडत होती, कोपरा तापत होता. पत्रा काढून मागे मॅट पांढरा रंग दिला. दिवा आजही चालू आहे.

फिटिंग बनवणाऱ्यांना ही गोष्ट नीट माहीत असते. फिटिंगमध्ये बसवल्यावर दिव्याचं व्होल्टेज उघड्यापेक्षा किती वाढू द्यायचं याच्या मर्यादा मानकांत ठरलेल्या आहेत, लहान दिव्यांना ५ व्होल्टच्या आसपास, ४०० वॅटला साधारण १२. आपण हाताने पेट्या करतो तेव्हा ही मर्यादा सहज मोडते. म्हणून माझं ठाम मत आहे : कुठलाही दिवा बाद ठरवण्याआधी तो उघड्या होल्डरवर, भोवती मोकळी हवा ठेवून किमान एक तास जाळून बघा. एवढ्या एका चाचणीत बरेच दिवे वाचतात.

चोक खरंच त्याचाच आहे का

परदेशातून आलेल्या दिव्यांच्या बाबतीत मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो. अमेरिकन पद्धतीचा १५० वॅटचा सोडियम दिवा दोन जातींत येतो, एक ५५ व्होल्टचा आणि एक १०० व्होल्टचा. दिसायला सारखे. ५५ व्होल्टच्या दिव्यासाठी १२० व्होल्टवर साधा चोक चालतो. त्याच चोकवर १०० व्होल्टचा दिवा लावला तर तो पेटतो, थोडा तापतो आणि विझतो, कारण १२० व्होल्टच्या पुरवठ्यातून १०० व्होल्टची आर्क टिकत नाही. दिवा कोरा असला तरी हेच होणार. काचेवर किंवा टोपीवर छापलेला बॅलास्टचा (चोक किंवा तसंच प्रवाह आवरणारं उपकरण) क्रमांक भिंगाखाली वाचा. ५५ व्होल्टच्या जातीला एस५५, १०० व्होल्टच्या जातीला एस५६.

६० हर्ट्झसाठी बनवलेला चोक ५० हर्ट्झवर लावला तर त्याचा अडथळा एक षष्ठांशाने घटतो आणि दिव्यातून जादा प्रवाह जातो. जादा प्रवाह, जादा उष्णता, चढलेलं व्होल्टेज. २२० च्या टॅपवर २४० व्होल्ट दिले तरी परिणाम त्याच दिशेचा. उलट पुरवठा सतत पडता असेल, तर जरा वयस्कर दिवा संध्याकाळी विझतो आणि मध्यरात्री, पुरवठा सुधारल्यावर, तासन् तास जळतो. असं दिसलं तर दोन्ही वेळांना पुरवठा मोजा.

कपॅसिटरबद्दल थोडक्यात : साध्या चोकच्या जोडणीत तो पुरवठ्याला समांतर असतो, तो मेला तरी दिवा विझत-पेटत नाही. स्थिर वॅटेजच्या ट्रान्सफॉर्मर बॅलास्टमध्ये मात्र तो दिव्याशी एकसरीत असतो आणि दिव्याला किती वीज मिळणार हे तोच ठरवतो. तिथे तो मोजलाच पाहिजे.

दिव्यावरचा छोटा त्रिकोणही बघा. आत 'ई' असेल तर बाहेरचा इग्नायटर लागतो, 'आय' असेल तर स्टार्टर दिव्याच्या पोटातच आहे. 'आय'चा दिवा बाहेरच्या इग्नायटरवर लावू नका. ११०, २१० किंवा ३५० वॅट असे विचित्र आकडे छापलेले सोडियम दिवे १२५, २५० आणि ४०० वॅटच्या मर्क्युरी चोकवर इग्नायटरशिवाय चालण्यासाठी बनवलेले होते. ते सोडियमच्या चोकवर लावले की जादा प्रवाहाने तापतात.

अगदी सुरुवातीच्या काही दिव्यांवर 'बेस अप' किंवा 'बेस डाउन' छापलेलं असतं. त्यांचं अमाल्गम एका टोकाच्या कप्प्यात राहतं आणि तेच टोक थंड राहायला हवं. छापल्याप्रमाणेच धरा, आडवा तर मुळीच लावू नका.

दिवा खरोखरच थकला असेल तर

उघड्या होल्डरवर, योग्य चोकवर, नीट पुरवठ्यावरही प्रवाह घसरतच राहिला आणि दिवा विझला, तर मात्र वय झालं. टोकांकडे बघा, काळपट पट्टा नळीवर बराच आत आलेला दिसेल.

तरीही तो जळताना बघायचा असेल तर एक मार्ग आहे : एक पायरी खालचा चोक. ४०० वॅटचा थकलेला दिवा २५० च्या चोकवर लावला की नळी कमी तापते, दाब कमी राहतो, व्होल्टेज हद्दीत राहतं. उजेड मंद आणि जास्त पिवळा मिळतो, पण दिवा टिकून जळतो. इग्नायटर त्या दोन्ही वॅटेजना चालणारा हवा. हे मी थकलेल्या दिव्यांवरच करतो. चांगल्या दिव्याचे इलेक्ट्रोड पुरेसे न तापल्याने त्यांचं उलट नुकसान होतं.

दोन नळ्यांच्या दिव्यात एक नळी विझली की दुसरी थंडच असते, ती लगेच पेटते. म्हणून अंधार क्षणभरच होतो आणि उजेड बाजू बदलतो. तुमच्या नोंदीत असं काही दिसलं तर आश्चर्य वाटू देऊ नका.

टोपीजवळ काचेच्या आत चांदीसारखा डाग असतो, तो बेरियमचा गेटर, म्हणजे आत उरलेली हवा शोषून घेणारा लेप. तो दुधी पांढरा झाला असेल तर बाहेरच्या काचेत हवा शिरली आहे. तसा दिवा फेऱ्या मारत नाही, तो मुळात नीट तापतच नाही. तो लावूच नका, नायोबियम हवेत जळून जातं.

आणि मर्क्युरीचा दिवा असं करत असेल तर?

मर्क्युरीच्या दिव्यात मोजून भरलेला सगळा पारा चालू असताना वाफ झालेला असतो, शिल्लक थेंब नसतो. त्यामुळे व्होल्टेज असं पळत सुटत नाही. म्हातारा मर्क्युरी दिवा फिका पडत जातो, वर्षानुवर्षं फिका जळत राहतो. तो विझत-पेटत असेल तर फोटोसेल, थर्मल कटआउट, ढिली जोडणी किंवा पडणारा पुरवठा हीच कारणं. क्षणभर जरी वीज गेली तरी तो विझतो आणि थंड होऊन परत पेटायला पाचेक मिनिटं घेतो. ही पाच मिनिटं दिसली की पुरवठ्यातला झटका शोधा. त्याला सोडियमच्या चोक-इग्नायटरवर लावून "बघू पेटतो का" हा प्रयोग करू नका. २५० वॅटच्या मर्क्युरीला सव्वादोन अँपिअरही लागत नाहीत, तिथे त्याला ३ मिळतील, आणि आतल्या स्टार्टिंग इलेक्ट्रोडला पल्स सोसत नाहीत.

मर्क्युरीची बाहेरची काच फुटली तरी आतली क्वार्ट्झ नळी जळत राहू शकते, आणि तिचा अतिनील प्रकाश काही मिनिटांत डोळे आणि कातडी भाजतो. काचेला तडा दिसला तर तो दिवा संग्रहात ठेवा, पण लावू नका.

शेवटी, दोष सापडून दिवा वाचला तरी जुना इग्नायटर एकदा तपासाच. बऱ्याच फेऱ्या मारून तो कमजोर झालेला असू शकतो आणि पुढच्या वेळी दिवा पेटलाच नाही की पुन्हा दिव्यावरच संशय जातो. तो तपासायला ज्याची खात्री आहे असा एक थंड, निरोगी दिवा लावा. तो काही सेकंदांत पेटला पाहिजे.